अण्णांचा डावा कान

सोमवार, ३ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. परत अण्णांची — माझ्या वडिलांची — काळी-पिवळी जीप, परत धारूरचा घाट, परत तेलगाव. कॉलेजात पोचले तर उजवा कान बंद. अकरावीच्या वर्गात माझाच आवाज मला घागरीतून आल्यासारखा. शिकवता शिकवता जांभई आली — टप्! कान उघडला. मागच्या बाकावरची एक म्हणाली, "मॅडम, फिजिक्सची तुमालाबी झोप येती का?"

वर्ग हसला. मीही हसले. पण ती जांभई वाया जाऊ दिली नाही. धडा बाजूला ठेवून फळ्यावर कानाचं चित्र काढलं. पडद्यामागं हवेची एक छोटी खोली. तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागं, घशाकडं उतरते. एरवी ती मिटलेली असते. गिळलं, चावलं, जांभई दिली की क्षणभर उघडते. घाट उतरताना बाहेरच्या हवेचा दाब वाढत जातो, आतला तेवढाच राहतो, पडदा आत ढकलला जातो — हाच दडा. चढताना आतली जास्तीची हवा आपली आपण निसटते. म्हणून त्रास उतरतानाच जास्त. सर्दी असेल तर विचारूच नका, नळी सुजून बसलेली असते.

कुणी वही उघडली नाही, पण सगळ्या जणी गिळून बघत होत्या. पस्तीस जणींचे गळे एकदम हलताना बघितले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि आज मला वाटलं की ते कशासाठी होतं ते कळलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

प्रयोग केला. घाटाच्या वर पाण्याची रिकामी बाटली घट्ट बंद केली आणि खाली वर्गात दाखवली. थोडीशीच चेपली होती. आमचा घाट काही हिमालय नाही. "मॅडम, तुमीच दाबली," म्हणाल्या.

येताना अण्णांना सांगत होते तर म्हणाले, "माझाबी डावा कान बसलेलाच असतो."

"कधीपासून?"

"लई दिवस झाले."

"उतरताना का चढताना?"

"सारखाच."

आणि मला काही बोलले नाहीत! रोज माणसं घाटातून नेतात-आणतात आणि स्वतःचा कान बंद. ठरवलं. अण्णांचा कान मी उघडणार. घरात शिकलेलं माणूस असून उपयोग काय नाहीतर.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सकाळी जीपमध्ये लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. घाट लागायच्या आधी तोंडात टाकायची, चघळत गिळत राहायचं. पंडितकाका — पतसंस्थेत कारकून, रोज माझ्या मागच्या सीटवर — म्हणाले, "भारतराव, पोरीनं गाडीचं विमान केलं. आता फक्त उडवायची बाकी हाय. तुमची गाडी तर चालतच न्हाई."

ही त्यांची रोजची कुरकुर. अण्णांची गाडी घाट उतरताना सगळ्यात हळू. प्रत्येक वळणाला थांबल्यासारखी होते. "वरातीची गाडी," म्हणतात पंडितकाका. "नवरदेव तेवढा दाखवा."

अण्णा म्हणतात, "सकाळी वर येणाऱ्या गाड्या लई असत्यात."

रहीमचाचांनी गोळी घेतली नाही. "मला साखर हाय, बेटी. सीताफळं विकतो, तीबी खात न्हाई." सीटखाली त्यांच्या फळांच्या टोपल्या, सध्या सीताफळं, आणि ते पुढं, अण्णांच्या शेजारी. ती जागा त्यांचीच. तिथं दुसरं कुणी बसायला गेलं तर अण्णा म्हणतात, "तिथं रहीम हाय," मग रहीमचाचा अजून यायचे का असेनात.

खाली पोचल्यावर अण्णांना विचारलं, "उघडला?"

"उघडला की!"

दिवसभर मी हवेत.

रविवार, ९ नोव्हेंबर

डोक्यावरून अंघोळीचा दिवस. आईनं सगळ्यांच्या कानांत कोमट तेल सोडायला घेतलं. मी माझे कान झाकून धरले. सांगितलं — कानाला तेल लागत नाही, कान स्वतःला साफ करतो, पडद्याला भोक असेल तर उलट नुकसान. आई ऐकून घेत होती, हातातला चमचा तसाच धरून. मग म्हणाली, "तुझ्या डिग्रीच्या आधीपासून तेल हाय."

अण्णांनी गुपचूप मान तिरकी करून डावा कान पुढं केला. दोघांच्या मधे मी काय बोलणार. आईनं तेल सोडलं, वर कापूस. "येवढं तेल खाऊनबी कानात बोळे घातल्यावानी बसत्यात," म्हणाली. "चारदा हाक मारावी तवा एकदा व्हय म्हणत्यात."

अण्णा म्हणाले, "काय म्हणाली?"

सोमवार, १० नोव्हेंबर

नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हळूच फुंकायचं — अण्णांना शिकवलं. जोरात नाही, सर्दी असताना नाही, हेही बजावलं. गाडी थांबवून तीनदा केलं त्यांनी. गाल फुगवून इतके गोड दिसत होते.

"उघडला?"

"एकदम!"

एक मात्र आज मनात आलं. उघडला म्हणतात, पण मी डावीकडून बोलले की मान सगळी वळवतात.

आणखी एक, उगाच लिहून ठेवते. रहीमचाचा चढताना गप्पांचा पाऊस पाडतात. आफ्रीनचं — त्यांच्या लेकीचं — सासर, सीताफळाचा भाव, कुठल्या झाडाला कीड लागली. उतरताना चिडीचूप. समोर बघत बसतात. मला वाटतं, त्यांना घाटाची भीती वाटत असावी.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज काय बघितलं ते लिहायला हात धजत नाही. पण लिहिते.

सकाळी गाडी भरलेली. मागं लग्नाची माणसं, त्यांच्या मोबाइलवर गाणी. मी पुढं बसले, खिडकीजवळ. मधे रहीमचाचा, पलीकडं अण्णा.

आमच्या घाटात एक रीत आहे. आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्यायचा आणि कान द्यायचा. समोरून हॉर्न आला तर उतरणाऱ्यानं डोंगराच्या कडेला दबून थांबायचं, चढणाऱ्याला वाट द्यायची. नाही आला तर जायचं. रस्ता अरुंद, एका अंगाला दरी. सगळे ड्रायव्हर त्या हॉर्नच्या उत्तरावर चालतात.

अण्णांनी हॉर्न दिला. रहीमचाचांनी मान जराशी तिरकी केली आणि अण्णांच्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं. अण्णांनी गाडी दाबून हळू केली. पुढच्या वळणाला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. माझे कान तर घाट लागला की बंदच, समोरून हॉर्न आला की नाही मला काय कळणार. पण एवढं कळलं की हॉर्न अण्णा ऐकत नाहीत. रहीमचाचा ऐकतात, आणि अण्णांना हातानं सांगतात.

मागं लग्नाची माणसं टाळ्या वाजवत होती.

संध्याकाळी अण्णा गाडी धूत होते. विचारलं.

आधी बादली खाली ठेवली. मग म्हणाले, "डाव्यात दडा. उजव्यात खिडकीचं वारं आन इंजनाची घरघर. लांबचा हॉर्न येत न्हाई. रहीमला येतो. त्यानं थोपटलं की समोरनं गाडी हाय."

"आणि गोळीनं उघडला म्हणालात ते?"

"तू लई आशेनं बघत होतीस गं."

गुरुवार, १३ नोव्हेंबर

एसटीनं गेले. अण्णांना सांगितलं — डॉक्टरला दाखवेपर्यंत घाटात गाडी न्यायची नाही, आणि नेणार असाल तर मी बसणार नाही.

स्टँडवर उभी होते तर गाडी बरोबर माझ्यासमोर येऊन थांबली. दार उघडलं. अण्णा समोर बघत होते, जणू दार आपोआप उघडलं. मी हलले नाही. पंडितकाका आतून म्हणाले, "बस गं बाई, उशीर होतोय. बापलेकीचं भांडण आन आमचा पगार कटणार."

बसले नाही. दार हळूच बंद झालं. एसटीतून जाताना प्रत्येक वळणावर खाली बघत होते, अण्णांची गाडी दिसते का. दिसली. पुढं गेलेल्या गाड्यांत सगळ्यात मागं, हळूहळू.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

रहीमचाचा घरी आले. टोपलीत पिकलेली सीताफळं, माझ्यासाठी. आईनं चहा टाकला. आई माझ्याशी बोलत नाही, कारण मी अण्णांशी बोलत नाही. अण्णांशीही बोलत नाही, कारण त्यांनी तिला कान इतका गेलाय हे सांगितलं नव्हतं.

"बेटी, मी हाय ना," चाचा म्हणाले. "माझे कान म्हणजे त्याचेच कान."

"आणि तुम्ही एखाद्या दिवशी नसला तर, चाचा?"

"मी नसलो तर ह्यो जातच न्हाई. रमजानमधी मला ताप आलता, गाडी इथंच उभी होती. इचार तुझ्या मायला."

आई चुलीकडूनच म्हणाली, "व्हय. पोटात दुखतंय म्हणून सांगितलं होतं मला."

अण्णा म्हणाले, "काय म्हणाली?"

कुणी हसलं नाही. मग चाचाच हसायला लागले, मग आई, आणि मला रडू आलं. मी म्हणाले, "मागं माणसं असतात, अण्णा. ती तुमच्या कानाच्या भरवशावर बसतात. त्यांना माहीतच नाही की तो कान बंद आहे."

अण्णांनी हातातल्या सीताफळाच्या बिया ताटलीत ठेवल्या. मग म्हणाले, "दाखवू डॉक्टरला. पर तो म्हणला कान गेलाय, तर गाडी बी गेली. ह्या हातांना दुसरं काय येतंय?"

त्यांना हे इतके दिवस एकट्यानं वाटत होतं. माझ्या गोळ्या तोंडात धरून.

शनिवार, १५ नोव्हेंबर

वाचत बसले होते. एक गोष्ट परत परत वाचली. कानाची नस गेली तरी माणसाला दडा बसल्यासारखंच वाटतं. तसाच जडपणा, तसाच दाब. लोक गोळ्या चघळत, तेल घालत बसतात आणि उपचाराची वेळ निघून जाते. दोन्हींतला फरक घरी थोडाफार ओळखता येतो — तोंड मिटून हुंकार द्यायचा. आवाज बंद कानात जास्त घुमला, तर वाट कुठंतरी अडलेली आहे. चांगल्या कानात घुमला, तर नस.

आधी स्वतःवर केलं. बोटानं एक कान बंद करून "हम्म" — आवाज खरंच त्याच कानात शिरतो. आईलाही करायला लावलं. आई एक कान दाबून हुंकार देत अंगणभर फिरली. "अगं बाई, डोक्यात भुंगा शिरला!"

मग अण्णा. मला त्यांची सवय आता कळली आहे. मला बरं वाटेल तेच उत्तर देतात. म्हणून कुठलं उत्तर चांगलं ते सांगितलंच नाही. फक्त म्हणाले, हुंकार द्या आणि ज्या बाजूला घुमेल तिकडचा हात वर करा.

अण्णांनी डोळे मिटले. "हम्म..." सकाळी गाडी चालू होत नाही तेव्हा ती काढते तसला आवाज.

डावा हात वर गेला.

"परत."

परत डावा.

"नीट ऐका अण्णा, परत."

डावा. आणि डोळे उघडून भीत भीत म्हणाले, "चुकलं का?"

मी त्यांच्या गळ्यात पडले. लहानपणी पडायचे तशी.

सोमवार, १७ नोव्हेंबर

रजा टाकली. अंबाजोगाई. मी, अण्णा, आई. कानाच्या डॉक्टर तरुण आहेत, मोकळ्या बोलतात. कानात दिवा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "काका, आत काय ठेवलंय?"

काहीतरी काळं, दगडासारखं. पडदा दिसतच नाही. आधी ते मऊ व्हायला हवं, नाहीतर ओढताना इजा होईल. थेंब दिले, गुरुवारी बोलावलं. तोवर कानात घरचं काहीही नको. आईनं नजर चुकवली.

मी हुंकाराचं सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, ओळखायला बरं आहे, पण कान तपासून घ्यायचाच. घेतला ते छान केलंत. किती मोठी झाल्यासारखं वाटलं मला.

गाडी दारात उभी. अण्णांनीच चावी माझ्या हातात दिली. "गुरुवारपर्यंत तुझ्याकडं."

मंगळवार, १८ नोव्हेंबर

रहीमचाचा दुसऱ्या गाडीनं गेले नाहीत. सीताफळं इथंच धारूरच्या बाजारात विकली, पडत्या भावानं. "दुसऱ्याच्या गाडीत करमत न्हाई," म्हणाले.

गुरुवार, २० नोव्हेंबर

निघालं!

डॉक्टरांनी बारीक चिमट्यानं धरून सावकाश ओढलं. अण्णांनी माझा हात दाबून धरलेला. ट्रेमध्ये पडला तो मळानं काळा झालेला कापसाचा बोळा. डॉक्टरांनी उकलला. आत लसणाची पाकळी. वाळून खडा झालेली.

डॉक्टर म्हणाल्या, "हे कुणाचं काम?"

आई पुढं झाली. भाच्याच्या लग्नात अण्णांचा कान ठणकत होता. तिनं तेलात परतलेला लसूण कापसात गुंडाळून घातला होता. वऱ्हाड निघायच्या गडबडीत काढायचा राहिला. त्या भाच्याचा पोरगा आता बालवाडीत जातो. आणि त्यावर दर रविवारी तेल, वर्षानुवर्षं.

आई तोंडाला पदर लावून बोलत होती, "माझ्याच हातानं... आन मीच म्हणत होते कानात बोळे घातलेत म्हणून... माझ्याच हातानं..."

अण्णा म्हणाले, "हळू बोल गं. ऐकू येतंय."

आई आधी थबकली. मग इतकी हसली की बाहेरची माणसं दारातून डोकावली.

आत थोडी सूज आहे, थेंब चालू ठेवायचे. श्रवणशक्ती तपासली. उजव्या कानाला इंजिनाचा थोडा मार बसलाय, पण डावा चांगला आहे. गाडी चालवायला हरकत नाही, म्हणाल्या. मी दोनदा विचारलं. लिहून घेतलं.

येताना एसटीत अण्णा सगळ्याकडं मान वळवून ऐकत होते. खिडकीची काच, कंडक्टरच्या तिकीट मशीनची टिकटिक, मागं कुणाचं तरी बाळ. आई झोपली होती. हळूच म्हणाले, "तुझी माय घोरती. मला म्हायतीच नव्हतं."

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

चावी परत दिली. पुढं, मी खिडकीजवळ, मधे रहीमचाचा. चाचांना लसणाचं सांगितलं तर हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी. "अरे बे भारत, वहिनीनं तुला फोडणीच दिली की!" अण्णांचा कान धरून आत बघितलं. "आता मला सुट्टी म्हण."

"तुझी जागा तुझीच हाय," अण्णा म्हणाले. "गप बस."

घाट लागला तसे चाचा गप्प झाले. सवयीनं, अण्णांच्या गुडघ्यावर हात. वळणं आली, चाचांनी थोपटलं, अण्णांनी हळू केली. सगळं जुनंच. पंडितकाका मागून म्हणाले, "कान उघडला म्हणं, गाडी कवा उघडणार?"

अण्णा काहीच बोलले नाहीत. दिवसभर नाहीत. जेवतानाही नाहीत. कान दुखतोय का विचारलं. "न्हाई," म्हणाले. आई थेंब घालायला आली तर तिच्याकडं बघून हसले, पण लक्ष कुठंतरी दुसरीकडं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

अण्णांनी आज सांगितलं. काल उतरताना पहिल्या वळणाला समोरून हॉर्न नव्हताच. चाचांनी थोपटलं. दुसऱ्याला नव्हता. थोपटलं. तिसऱ्याला ट्रकनं केवढ्यानं दिला — चाचांचं तेवढंच, तसंच थोपटणं. "उतरताना रहीमला काईच ऐकू येत न्हाई गं. त्याचे कान बसत्यात. मला वाटायचं, ह्याला लई लांबचं ऐकू येतं." म्हणजे इतकी वर्षं, प्रत्येक वळणाला, समोरून गाडी आहे असंच धरून चाचा थोपटत आले.

मी म्हणाले, चाचांना सांगायला हवं. अण्णा म्हणाले, "दड्याचं सांग. थोपटण्याचं नगं." सोमवारी चाचांसाठी बडीशेप नेणार, बिनसाखरेची.

आज तर सगळा रस्ता मोकळा होता, अण्णांना नीट ऐकू येत होतं. चाचांनी थोपटलं. अण्णांनी गाडी हळू केली.